उंबराखालची रेती

“अवं, थांबा. हात नका लावू तिथं,” गौराबाई धापा टाकत दरडीवरूनच ओरडली.

चांगोने वर पाहिलं. उंबराखालच्या खड्ड्यात गुडघे टेकून तो दोन्ही हातांनी रेती उकरत होता. फावडं बाजूला पडलं होतं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर नवनाथ पाठ करून तंबाखू मळत बसला होता.

याच उंबराखाली चांगो-गौराबाई या नवरा-बायकोची पहिली मुलगी होती. चार महिन्यांची असताना तापाने गेली. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, म्हणून चांगोने तिला इथे पुरलं आणि वर दगड रचून करवंदीची काटेरी फांदी ठेवली. पुढे तीन मुलगे झाले, सुना आल्या. त्या पोरीचं नाव घरात पुन्हा कुणी घेतलं नाही.

तेव्हा पोशीरची नदी वेगळी होती. उन्हाळ्यात पात्रभर रेती पसरलेली असे आणि गावाची गुरं त्यावरून आरामात पलीकडे जात. मग बिल्डिंगा वाढल्या, रेतीवाल्या शेटचे ट्रॅक्टर आले. गावातल्या निम्म्या चुली रेतीवर पेटल्या, चांगोचीही. सगळ्यांचेच हात त्यात, मग बोट दाखवायचं कुणाकडे? रेती सरली तसा खाली खडक उघडा पडला. जागोजागी डोह झाले. पावसाळ्यात धार वळून काठावर आदळू लागली आणि दर साली कुणाचं ना कुणाचं भाताचं खाचर नदीत जाऊ लागलं. विहिरी तर होळीलाच तळ दाखवत.

उंबराखालचा काठ तेवढा शाबूत राहिला होता. गौराबाईला वाटे, देवानेच राखला.

“शेटला तुमीच जागा दावली ना?” ती म्हणाली. “पोटची पोर पन इकलीत?”

चांगोने मान वर केली नाही. “म्या कशाला दावीन गं? इतकी वर्सं त्याला सांगतोय, उंबराखाली नुसती माती हाय, रेती नाय. काल त्यानं सोता पहार मारून बघितली, तं रेती लागली. उद्या पोकलेन लावतो बोलला.” त्याने हात झटकले. “मग म्या बोललो, मशीन नको. हातानं भरून देतो.”

गौराबाई दरड उतरून खड्ड्याच्या कडेला आली. हा माणूस लेकीला विसरला म्हणून ती आयुष्यभर त्याच्यावर मनातून रुसली होती. आणि हा खोटं बोलून बोलून तिची राखण करत होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“काय घावलं का?” तिने विचारलं.

“काय घावनार आता? रेतीच हाय.”

ती खड्ड्यात उतरली. दोघं ओंजळीने पाट्या भरू लागली. नवनाथने चपला काढल्या आणि पाट्या उचलून ट्रॉलीत ओतायला लागला.

ट्रॉली भरली तेव्हा ऊन चढलं होतं.

“ही कुठं जानार रं?” गौराबाईने विचारलं.

“दहिवलीला, मामी. बिल्डिंगचं काम चाललंय.”

तिने पदर खोचला आणि चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली.

“तू कुठं निघालीस?” चांगो म्हणाला.

“तवा बायांनी जायचं नसतं बोलून मला दारात बसवलं. तुमी एकलेच घेऊन आलाव.” ती रेतीवर मांडी घालून बसली. “आता मी पोचवून येते.”

चांगोने फावडं ट्रॉलीत टाकलं. तोही वर चढून तिच्या शेजारी बसला. एरवी गाणी लावल्याशिवाय गाडी न हलवणाऱ्या नवनाथने आज गाणी लावली नाहीत. रस्त्याला खड्डे फार होते. प्रत्येक गचक्याला गौराबाई बाजूच्या रेतीवर हात दाबून धरत होती.