कोपऱ्यातली लाल फुली

मित्रांनो, मी मैदानातला एक जुना सूचनाफलक आहे, आणि तुमच्यापैकी एकानेही मला कधी धड वाचलेलं नाही.

झाडावर चढू नये.
झोक्यावर उभे राहू नये.
आरडाओरडा करू नये.

जाड पत्रा कापून, कडा दुमडून मला बनवलं. पेंटरकाकांनी माझ्या पिवळ्या अंगावर काळी अक्षरं काढली आणि प्रत्येक ओळीपुढे एक लाल फुली. मग झोक्याशेजारी दोन खांबांवर मला ठोकलं. मोठी माणसं म्हणायची, "काय शिस्त आहे!" मुलं माझ्यावर चेंडू आपटायची. उन्हाने अक्षरं विटली, कडा गंजल्या, तरी माझं तुणतुणं एकच. नाही, नाही, नाही.

मग बिट्टी आली.

बिट्टी बोलत नसे. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. शब्द तेवढे तोंडातून येत नसत. तिची आत्या तिला रोज झोक्यावर बसवून बाकावर जाऊन बसायची. आता या मैदानाचा एक कायदा होता. झोका हवा असला की बसलेल्यासमोर उभं राहून विचारायचं, "देतोस?" आणि मोजायचं. एक, दोन, साडेमाडे तीन. तेवढ्यात त्याने 'नाही' म्हटलं, तर त्याला आणखी दहा झोके. गप्प राहिला, तर झोका गेला.

बिट्टीचा झोका रोज जायचा.

"अरे, ती बोलत नाही, माहितीय ना तुला?" आत्या झोका घेणाऱ्या मुलाला म्हणाली.

"पण आत्या, नाहीसुद्धा म्हणाली नाही ती." या मुलाला सगळे वकील म्हणत. उगाच नाही.

आत्याने मैदानाच्या व्यवस्थापक बाईंचं डोकं खाल्लं. शेवटी ठरलं, न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांचा फलक करायचा. चित्रावर बोट ठेवलं की बोलल्यासारखं. नवा पत्रा कशाला, मी होतोच. मला पांढरा रंग फासला आणि झोक्यावरून हात-पाय पुरतील इतकं खाली बसवलं.

"बाई, 'नाही' कुठे काढू?" पेंटरकाकांनी विचारलं.

"नाही कशाला? उगाच हट्टीपणा शिकतील. छान छान काढा."

छान छान काढलं. पाणी. शू. आत्या. थँक्यू. सॉरी. मजा आली.

जन्मभर न मागता सगळ्यांना 'नाही' वाटत आलो. आता एका पोरीला ते खरंच हवं होतं, तर माझ्याकडे एकही शिल्लक नव्हतं.

"देतेस?" वकिलाने विचारलं.

बिट्टीची नजर माझ्यावरून फिरली. काय दाखवणार होती, थँक्यू?

"एक, दोन, साडेमाडे तीन."

झोका गेला, पण ती रडली नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि खड्याने माझा कोपरा खरवडू लागली. दुखलं? छे. खरवड, म्हटलं, अजून खरवड. काकांनी रंगाचा एकच हात मारला होता. 'सॉरी'शेजारी, पांढऱ्याखालून, माझी जुनी लाल फुली वर आली.

दुसऱ्या दिवशी "देतेस?" म्हटल्याबरोबर तिने फुलीवर बोट ठेवलं.

"मी बघितलंच नाही," वकील म्हणाला. "एक, दोन..."

बिट्टीने झोक्यावरूनच फुलीवर लाथ हाणली.

ठण्.

घसरगुंडीच्या रांगेतली पोरं वळली. "नाही म्हणाली रे ती," कोणीतरी म्हणालं. "दहा झोके तिचे."

वकील मुकाट्याने झोके मोजू लागला. कायदा तो कायदा.

आज सकाळी व्यवस्थापक बाई पेंटरकाकांना घेऊन आल्या. "किती घाण दिसतंय ते. झाकून टाका."

काकांनी ब्रश बुडवला. बिट्टी चालता झोका सोडून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तळहात आपटला.

ठण्.

"बाई," काकांनी ब्रश डब्यात ठेवला, "ती नाही म्हणतेय."

"कोपरा तिला देता, बाई?" वकील पुढे आला. बाई नुसत्या बघत राहिल्या. "एक, दोन, साडेमाडे तीन. गप्प राहिलात. कोपरा गेला."

मित्रांनो, माझे स्क्रू आवळा, गंज पुसा, म्हातारपणी एवढं तर कराल. आणि समोरचं कोणी गप्प असेल, तर तीनपर्यंत मोजून मोकळे होऊ नका. त्याच्या हातांकडे बघा. माझ्या जुन्या सूचनांपैकी तुम्ही एकही पाळली नाहीत, त्याचा राग नाही. ही नवी मात्र पाळावीच लागेल.

हा कोपरा रंगवू नये.