वर्तुळाबाहेर

फोटोवालीने तिपाई वीतभर पुढे सरकवली. उपअभियंता नुसता खोकला. तिने ती मुकाट्याने परत मागे घेतली.

गच्चीच्या मधोमध पांढऱ्या रंगाने वर्तुळ काढलेलं होतं आणि तिपाईचे तिन्ही पाय त्याच्या आत हवेत, असं आदेशात होतं. आदेश साडेतीन पानांचा होता. किनाऱ्यावरची घरं दारोदार फिरून मोजायला माणसं नव्हती. म्हणून पालिकेने स्वतःच्या सात मजली इमारतीवरून सगळ्या शहराचा एकच लांबलचक फोटो काढायचं ठरवलं होतं. फोटोत दिसेल ते आजच्या तारखेला उभं होतं असं धरायचं. दिसणार नाही ते नंतर उगवलेलं समजून पाडायचं. कल्पना इतकी सोपी होती, की ज्या साहेबांना ती सुचली त्यांना लगेच बढती मिळाली.

लांबलचक फोटो म्हणजे मुळात अकरा फोटो. एकाची कड दुसऱ्यावर चढवून ते मागाहून सांधायचे. आठ झाले होते. बंदर झालं, दीपगृह झालं, मासळीबाजाराचं छप्पर झालं. बाराच्या भोंग्याला गच्चीला कुलूप लागणार होतं आणि बाराला अठरा मिनिटं होती.

"थांबलात का?"

"ढग आलाय, साहेब."

"ढग आदेशात नाही."

तिचंही ढगाकडे लक्ष नव्हतं. ती दक्षिणेच्या कठड्याकडे बघत होती. कठड्याच्या बरोबर खाली, इमारतीच्या भिंतीला पाठ लावून, एक पत्र्याचं घर होतं. इमारत बारा वर्षांची, घर चाळीस वर्षांचं. वर्तुळातून बघितलं तर कठडा दिसायचा आणि त्याच्यापलीकडे एकदम समुद्र. मधलं काहीच नाही.

त्या मधल्यात तिची आई राहत होती.

सकाळी आईने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. "फोटो तूच काढणार ना? मग मी कशी दिसणार नाही?" असं तिने विचारलं, तेव्हा लेक लेन्स पुसत बसली होती. ती आधी दोनदा पुसून झाली होती.

नववा झाला. दहावा झाला. वारा सुटला, तसा तिने तिपाईचा पाय बुटाने दाबून धरला आणि कॅमेरा दक्षिणेला वळवला. कठडा, समुद्र. बोट बटणावर ठेवलं. दाबलं नाही.

"साहेब, फोटोत नाही ते सगळं पाडणार?"

"सोमवारपासून."

"कुणाला सूट?"

"अजिबात नाही. मसुदा माझाच आहे," उपअभियंता जरा ताठ होत म्हणाला.

"मग आपली इमारत?"

"तिचं काय?"

"आपण तिच्या डोक्यावर उभे. ती कुठल्याच फोटोत येत नाही."

तो हसला. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच राहिलं. त्याने खिशातून आदेश काढला, तिसरं पान दोनदा वाचलं आणि बुटाची टाच गच्चीवर हळूच आपटून पाहिली.

"कठडा येतोय ना?"

"मी म्हणेन कठडा म्हणजे इमारत. कोर्ट म्हणेल का?"

सात मिनिटं उरली होती.

"भिंत घ्या," तो घाईघाईने म्हणाला. "एक तरी. पार खालपर्यंत."

"वर्तुळ सोडावं लागेल."

"मग सोडा की! माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

तोवर तिने कॅमेरा तिपाईवरून उतरवलाही होता. ती कठड्यावर पोटावर पडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकली. उपअभियंत्याने तिच्या पाठीवरच्या पिशवीचे पट्टे दोन्ही हातांनी धरले आणि डोळे मिटून घेतले. सात मजल्यांच्या खिडक्या एकाखाली एक उतरत गेल्या. तळाशी पत्र्याचं छप्पर, उघडं दार आणि दारापुढे कपाळाशी हात धरून वर बघणारा एक हिरवा ठिपका.

तिने बटण दाबलं.

वर ओढून घेतल्यावर त्याने कॅमेरा मागितला. भिंत पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. दारापुढची हिरवी साडी जरा पुसट आली होती.

"हे काय?"

"भिंतीला लागून आहे, साहेब. भिंत घेतली की येतंच."

"आणि या कोण?"

ती लेन्सला झाकण लावत होती. ते बसत नव्हतं.

"हलू नकोस म्हणून बजावलं होतं तिला," ती म्हणाली. "सकाळपासून उभी आहे."

खाली बाराचा भोंगा झाला. उपअभियंता हातातल्या किल्लीकडे बघत राहिला. भोंगा संपला, तरी बघत होता. मग त्याने किल्ली खिशात टाकली आणि पिशवीचे पट्टे पुन्हा धरले.

"अजून एक काढा," तो म्हणाला. "यात भिंत हललीय."