मधला देव

सुमेधच्या पायाला भिंगरी आहे, हे जबलपूरमधल्या चेरीतालच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती भिंगरी देवांच्या मागे फिरते, हे मात्र घरच्यांनाच माहीत. सोमवारी गुप्तेश्वर, मंगळवारी मारुती, गुरुवारी गोलबाजारातला दत्त, शनिवारी शनी, आणि मधल्या दिवसांत रस्त्यात जो देव दिसेल त्याच्यासमोर स्कूटर हळू करून एक हात छातीशी. एकदा त्यानं भर चौकात अशी स्कूटर हळू केली, तेव्हा मागच्या ऑटोवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुमेधनं आधी नमस्कार पुरा केला आणि मग मागे वळून माफी मागितली. पन्नाशी आली, बँकेत अधिकारी झाला, मुलगी अंतरा शिकायला भोपाळला गेली, पण हा गृहस्थ काही एका देवापाशी ठरला नाही.

धाकटा भाऊ अतुल नागपूरला असतो. तो अगदी उलटा. त्याला कशाची घाई नाही की कशाची धास्ती नाही. दर रविवारी कुठल्याशा प्रवचनाला जातो आणि येताना तेच एक वाक्य घेऊन येतो, की शेवटी सगळं एकच आहे. गाडी पंक्चर झाली तरी हेच, बायको रुसली तरी हेच. दादाच्या देवळांच्या फेऱ्यांना तो ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणायचा, आणि म्हणताना इतका गोड हसायचा की सुमेधला रागावताही येत नसे.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, फॅक्टरीतून निवृत्त होऊन जमाना झाला होता. काचबिंदूनं डोळे नेले होते, आता हातही कापायला लागले होते. पण रोजची पूजा सुटली नव्हती. देवघरात तांब्याचं एक तबक होतं. त्यात पाच खळगे आणि पाच खळग्यांत पाच दगड. काळा शाळिग्राम म्हणजे विष्णू, तांबडा गणपती, सोनेरी ठिपक्यांची देवी, स्फटिकाचा सूर्य, आणि मधोमध बाण. बाण म्हणजे नर्मदेतला लांबट, गुळगुळीत गोटा, तो शंकर. याला पंचायतन म्हणतात. कुणाच्या घरी मधे विष्णू असतो, कुणाकडे गणपती. ज्या घरी जो मधे, त्या घरी बाकीचे चार त्याचेच म्हणून भोवती बसतात. अण्णा ते पाचही बोटांनी ओळखायचे, एकेकाला ताम्हनात आंघोळ घालून, पुसून, न चुकता आपापल्या खळग्यात ठेवायचे.

संक्रांतीला अण्णांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की आता आपल्यानं होत नाही. पुढच्या रविवारी अतुल येईल, तेव्हा देव कोणाकडे राहायचे ते सांगू, आणि दुपारच्या जेवणानंतर देव नागपूरला जातील किंवा इथे राहतील.

त्या दिवसापासून सुमेधची झोप उडाली. त्याला देव हवे होते, अगदी लहान मूल हट्ट धरतं तसे हवे होते. साऱ्या जबलपूरची देवळं पालथी घालून तो संध्याकाळी घरी यायचा, तेव्हा त्या तबकापाशी आल्यावरच त्याला घरी आल्यासारखं वाटायचं. आणि दुसरंही एक होतं. ‘तुझं मन थाऱ्यावर नाही,’ हे वाक्य त्यानं अण्णांच्या तोंडून नकळत्या वयापासून ऐकलं होतं. देव आपल्याकडे आले तर ते वाक्य पुसलं जाईल, आणि नागपूरला गेले तर जन्मभराचं कपाळावर कोरलं जाईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. प्रतिमाला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं तेव्हा तिनं त्याला आधी गरम चहा प्यायला लावला.

शनिवारी संध्याकाळी अतुल आला. आल्या आल्या अण्णांनी त्यालाच दिवा लावायला सांगितला. त्यानं सावकाश हातपाय धुतले, दिवा लावला आणि डोळे मिटून इतका वेळ हात जोडून उभा राहिला, की मागे उभ्या सुमेधनं देव गेले नागपूरला, असं मनात ठरवूनही टाकलं.

रविवारी उजाडता उजाडता सुमेध देवघरात गेला. तबकातली आदल्या दिवशीची फुलं काढून निर्माल्याच्या पिशवीत भरायची, एवढंच काम त्याच्याकडे होतं. बँकेच्या गडबडीत शुक्रवारी-शनिवारी तेही राहिलं होतं, अण्णांनीच फुलं बाजूला सारली होती. पिशवी भरली की ती तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत रिकामी करायची. त्याची बँक त्याच बाजूला. त्यानं शेवंती उचलली, बेल उचलला, आणि हात तसाच राहिला. मधला खळगा रिकामा होता. तळाला वाळलेल्या गंधाचा एक ठिपका होता आणि बाकी काही नव्हतं.

त्यानं देव्हाऱ्यामागे पाहिलं, पाटाखाली पाहिलं, समईच्या बुडाखाली पाहिलं. आणि मग त्याला तो आवाज आठवला. गुरुवारी बँकेत तपासणीला साहेब येणार होते. त्या घाईत त्यानं फुलं एकेक वेचण्याऐवजी तबकच पिशवीवर उलटं धरून झटकलं होतं, आणि खाली पडलेले देव पटापट उचलून परत मांडले होते. घाटावर पिशवी पाण्यात रिकामी केली तेव्हा फुलांमधून डुबुक असा आवाज आला होता. फुलं कुठे डुबुक वाजतात? त्याला वाटलं, सुपारी असेल. नमस्कार करून तो बँकेत गेला होता.

सुमेधच्या तोंडचं पाणी पळालं. देव कोणाकडे द्यायचे हे ठरायच्या दिवशीच त्यातला एक, तोही मधला, आपल्या हातानं बुडवलेला! अण्णांची पूजा नवाच्या सुमारास. प्रतिमाला पोहे टाकायला सांगून, जिलेबी आणतो असं म्हणत तो स्कूटर काढून निघाला. जिलेबी गल्लीच्या तोंडाशीच मिळते, हे विचारायला ती बाहेर आली तोवर स्कूटर चौकात पोचली होती.

तिलवाऱ्यावर संक्रांतीचा मेळा उठून गेला होता. पाण्यावर धुकं होतं. सुमेध पँट गुडघ्यापर्यंत वर करून उतरला, मग कमरेपर्यंत उतरला. पाणी असं गार, की दात आपोआप वाजायला लागले. हाताला लागेल तो गोटा तो वर काढायचा, उन्हाकडे धरायचा. हा जास्त गोल आहे. हा ठीक आहे, पण आपल्या बाणावर पांढरी रेघ होती. रेघ होती की नव्हती? जन्मभर ज्याला नमस्कार केला त्याचं तोंड आपल्याला आठवत नाही, याची त्याला इतकी लाज वाटली की पाण्यातच डोळे भरून आले.

घाटावर फुलं विकणारी बाई मघापासून बघत होती. तिनं विचारलं, “भैया, का ढूँढ रए?”

सुमेधनं सांगितलं, घरचे शंकरजी पाण्यात गेले.

“तो यहाँ सब शंकरई शंकर हैं,” ती म्हणाली. “एक उठा लो और घर जाओ। ठंड लग जैहे।”

ती काही खोटं बोलत नव्हती. नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर, त्याची प्राणप्रतिष्ठासुद्धा करावी लागत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सुमेधनं स्वतः ते किती पाहुण्यांना ऐकवलं होतं! पण एक उचल म्हटल्यावर त्याला एक उचलता येईना. हा घेतला तर तो राहतो. तोच आपला असला तर? काढलेले गोटे त्यानं एकेक करत जिलेबीसाठी घेतलेल्या पिशवीत टाकायला सुरुवात केली. तेवढ्यात प्रतिमाचा फोन आला. “अण्णा आंघोळीला गेले. कुठं राहिलात तुम्ही? जिलेबी तळून राहिले का तिथं?”

तो पोचला तेव्हा पूजा सुरू झाली होती. अण्णा पाटावर, शेजारी अतुल मांडी घालून स्वस्थ बसलेला. सुमेध ओल्या पँटनं दारातच थबकला. पिशवी त्यानं पाठीमागे धरली. आता अण्णांची बोटं मधल्या खळग्याकडे जातील आणि सगळं संपेल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

अण्णांनी गणपती ठेवला, देवी ठेवली, सूर्य ठेवला, शाळिग्राम ठेवला. मग पळीभर पाणी घेऊन रिकाम्या खळग्यात सोडलं. कापऱ्या बोटानं ते पुसलं. गंधाचा ठिपका लावला, जिथे वाळलेला ठिपका होता तिथेच. वर बेलाचं पान ठेवलं आणि हात जोडले. त्यांची बोटं कुठेही अडखळली नाहीत, कुठे काही शोधलं नाही.

सुमेधला कळलं. गुरुवारीही असंच झालं होतं, शुक्रवारीही आणि शनिवारीही.

“आला का रे?” अण्णा दाराकडे तोंड करून म्हणाले. “नर्मदेचा वास येऊन राहिला.”

सुमेधचा धीर सुटला. दारातच खाली बसत तो म्हणाला, “अण्णा, मीच टाकला. गुरुवारी. निर्माल्यात गेला.”

“माहीत आहे. या घरात निर्माल्य दुसरं कोण नेते?”

“मग तुम्ही बोललात काहून नाही?”

“बोललो असतो तर तू रात्रीच नदीत उतरला असता. तुला मी ओळखतो.” अण्णा थोडं थांबले आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. “अतुल, काल दिवा लावला तू. देव किती होते रे?”

अतुल नेहमीसारखा हसला. “किती काय अण्णा, देव एकच.”

“ते झालंच. तबकात किती होते?”

अतुलनं तबकाकडे पाहिलं. बेलाचं पान खळग्यात सपाट बसलं होतं. त्याचं हसू हळूहळू मावळलं. सुमेधला त्याची कीव आली.

“त्याचं चुकलं नाही,” अण्णा म्हणाले. “एकच आहे, ते मलाही माहीत आहे. डोळे गेल्यावर तर जास्तच समजलं. मधे गोटा नसला म्हणून तीन दिवस माझी पूजा अडली नाही. पण बाबा, एकाला आंघोळ घालता येत नाही. त्याला थंडी नाही, भूक नाही, तो हरवत नाही. हे सगळं आपल्याला आहे. म्हणून तो आपल्यासाठी पाच होऊन येते, आणि आपण पाचांना पुसून-बिसून ठेवतो. अतुलला एक दिसते. चांगलं आहे, त्याला हे तबक नसलं तरी चालेल. याचा एक गेला तर याचा जीव खालीवर होऊन राहिला. देव इथंच राहतील, सुमेधकडे.”

सुमेधला आनंद व्हायला हवा होता. पण आधी रडू आलं, तेही पन्नाशीच्या माणसाला शोभणार नाही असं, नाक ओढत. प्रतिमा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि ओल्या पँटकडे बघून टॉवेल आणायला गेली.

“पिशवीत काय आहे?” अण्णांनी विचारलं.

सुमेधनं पिशवी ताम्हनात उपडी केली. गोटे खळखळत पडले, दोन बाहेर लादीवर घरंगळले. अण्णांनी त्या ढिगावरून हात फिरवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. “एक हरवला तर इतके आणले? सगळा घाट उचलून आणायचा होता.”

“त्यातला कोणता आपला, ते समजलं नाही अण्णा.”

अण्णांनी हाताला लागला तो उचलला. “नका अण्णा,” सुमेध घाईनं म्हणाला, “त्याच्यापेक्षा तो बाजूचा जास्त सारखा आहे, जरा बघून तरी...” आणि मग कोणाला बघायला सांगतो आहोत ते लक्षात येऊन त्यानं जीभ चावली.

“तू घाल आंघोळ,” म्हणत अण्णांनी तो गोटा त्याच्या हातात दिला. सुमेधनं पाणी घातलं, पुसलं, खळग्यात ठेवलं. खळगा जरा मोठा पडत होता, गोटा हलायचा. त्यानं बेलाचं पान घडी करून खाली सारलं, तेव्हा तो स्थिर झाला.

जेवून अतुल निघाला. निघण्याआधी तो देवघरात गेला होता, आणि ताम्हनातला एक लहानसा गोटा रुमालात गुंडाळून त्यानं खिशात टाकला. सुमेधनं ते पाहिलं. सगळं एकच म्हणणाऱ्याला हा एक कशाला हवा, असं विचारायचा मोह त्याला झाला, पण त्यानं पाठ फिरवून गाडीत पाण्याची बाटली ठेवली.

सोमवारी गुप्तेश्वर चुकला. पहाटे उठून सुमेधनं अण्णांच्या देखरेखीखाली पहिल्यांदा पूजा केली, आणि उरलेले गोटे व निर्माल्य घेऊन तिलवाऱ्याला गेला. गोटे एकेक करून पाण्यात सोडले. मग निर्माल्याची पिशवी उघडली, पायरीवर रुमाल पसरला आणि एकेक फूल, एकेक पान बोटांनी चाचपून बाजूला ठेवू लागला. फुलवाल्या बाईनं आज काय हरवलं म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, काही नाही. बँकेला उशीर होत होता. सगळी फुलं पाण्यात सोडून तो स्कूटरपर्यंत गेला, आणि रिकामी पिशवी पुन्हा एकदा उलटी करून पाहायला थांबला.