आठ ग्रॅम जास्त

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे, आणि थोडा जड आहे. जड म्हणजे किती, ते आधीच सांगून टाकतो. एकशे त्रेसष्ट ग्रॅमपर्यंत चेंडूला सामन्यात मान असतो. माझं वजन भरलं एकशे एकाहत्तर.

माझा जन्म सियालकोटचा. एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात, जिथे दिवसभर रंगाचा आणि ओल्या चामड्याचा वास दरवळत असे, तिथे उस्ताद करामत अली यांनी मला घडवलं. आधी बुचाच्या लाकडाची गोळी, तिच्यावर लोकरीचा धागा, पुन्हा बूच, पुन्हा धागा, आणि मग लाल चामड्याच्या दोन वाट्या. त्या दिवशी रेडिओवर सामना ऐन भरात आला होता. शेवटच्या षटकात पाकिस्तानला नऊ धावा हव्या होत्या. उस्तादांचे कान रेडिओकडे आणि हात माझ्याकडे. सामना जिंकला तेव्हा कारखाना नाचला, आणि उस्तादांच्या लक्षात आलं की आपण धागा गुंडाळतच राहिलो आहोत. त्यांनी तो इतका घट्ट ओढला होता की मापाच्या कड्यातून मी सहज गेलो. तराजूने मात्र मला पकडलं.

"हा गेला वाया," शेजारी बसणारे बूटाचाचा म्हणाले. "आनंदाने माणसाचं वजन वाढतं ऐकलं होतं, करामत. चेंडूचंही वाढतं होय?"

अशा वाया गेलेल्या चेंडूंची एक टोपली होती. ती उस्तादांच्या मुलीची, झुलेखाची. कारखान्याच्या अंगणात रंगाचं एक रिकामं पिंप उभं असे. तोच तिचा यष्टिरक्षक, तोच फलंदाज. तेरा वर्षांची ती पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकायची, ओढणी कमरेला बांधायची आणि पिंपावर चेंडू आदळायची. बूटाचाचा कानांत बोटं घालून ओरडायचे, "अगं, पिंप फोडशील! मग रंग काय माझ्या डोक्यावर ओतू?"

"ओता ना, चाचा. तेवढेच केस लाल दिसतील."

"केस आहेत कुठे, ते आधी सांग!"

टोपलीतले बाकीचे चेंडू एकेक करून उसवले, नाल्यात गेले, छपरांवर राहिले. मी टिकलो. उस्तादांचा टाका तसाच होता. सहा वर्षं झुलेखाने माझ्यावर आपली गोलंदाजी घडवली. जड चेंडू दूर टाकायला खांदा लागतो, पाठ लागते. दोन्ही तिला मिळाले.

मग लाहोरला मुलींच्या राष्ट्रीय संघाची निवडचाचणी जाहीर झाली. उस्तादांनी कारखान्यातून तीन दिवसांची सुट्टी काढली. अम्मीने पराठ्यांचा डबा बांधून दिला, आणि बापलेक बसने निघाले. मी पिशवीत, मोज्यांच्या खाली.

चाचणी दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी झुलेखाच्या हातात नवा कोरा चेंडू आला. ती धावली, हात फिरला, आणि चेंडू यष्टिरक्षक मुलीच्या डोक्यावरून सीमेपार गेला. दुसरा छातीच्या उंचीवरून गेला. तिसरा जमिनीला कुठे लागला, हे कुणालाच दिसलं नाही.

निवड करणाऱ्या मॅडम सफूरा कडक बाई होत्या. त्यांनी शिटी वाजवली. "बेटा, तू गोलंदाजी करतेस की कबुतरं उडवतेस?"

बाकीच्या मुली हसल्या. जाळीपलीकडे उभ्या असलेल्या उस्तादांनी मान खाली घातली. मॅडमनी वहीत काहीतरी खोडलं आणि म्हणाल्या, "उद्या सगळ्यांना बारा-बारा चेंडू मिळतील. तुलाही मिळतील. त्यानंतर मी काही ऐकणार नाही."

झुलेखा पिशवीपाशी आली आणि तिने सवयीने मला हातात घेतलं. मग ती थांबली. मला या हातातून त्या हातात केलं. वळली, आणि तशीच धावत मॅडमकडे गेली.

"मॅडम, तो चेंडू उद्यापर्यंत नेऊ?"

"का? अंगाई म्हणणार आहेस त्याला?"

"सकाळी सातला आणून देते. शप्पथ."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि चेंडू फेकला. तिने तो झेलला.

मुक्काम फुफीच्या, म्हणजे उस्तादांच्या थोरल्या बहिणीच्या घरी होता. त्या गल्लीच्या तोंडावर मिठाईचं दुकान होतं. झुलेखाने अब्बांना सरळ तिथे नेलं आणि आम्हा दोन्ही चेंडूंना हलवायासमोर ठेवलं. "भाईसाहेब, हे जरा तोला."

हलवायाने आमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बीबी, इथे मिठाई मिळते."

"तीही घेऊ."

त्याने मला एका पारड्यात ठेवलं आणि त्या कोऱ्या चेंडूला दुसऱ्यात. माझं पारडं खाडकन खाली बसलं. हलवायाला गंमत वाटली. त्याने हलक्या पारड्यात बर्फीची एक वडी टाकली. दोन्ही पारडी बरोबर आली.

"घ्या," तो म्हणाला. "एका बर्फीचा फरक."

उस्तादांनी तो कोरा चेंडू उचलला, शिवणीवरून अंगठा फिरवला, डोळे मिटले. बायकांचा चेंडू हलका असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या कारखान्यात तो कधी बनलाच नव्हता. चेंडू तो चेंडू, असं त्यांनी बावीस वर्षं मानलं होतं.

"शिवण चांगली आहे," ते म्हणाले. "आपल्याच गावची आहे." मग त्यांनी तो परत पारड्यात ठेवला. "पुत्तर, सहा वर्षं तुझ्या हातात मीच चुकीचा चेंडू दिला. मी, चेंडू बनवणारा."

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या वजनाची खरी लाज वाटली. झुलेखा दमलेली होती, हसं झालं होतं, आणि दोष कुणाचा ते समोर पारड्यात तोलून मिळालं होतं. ती एक शब्द बोलली असती, तरी तो त्या माणसाला जन्मभर पुरला असता.

तिने पारड्यातली बर्फी उचलली, अर्धी मोडून त्यांना दिली, अर्धी आपण खाल्ली. मग आम्हा दोघांना त्यांच्या दोन हातांत ठेवलं.

"आता सांगा अब्बा, हलका कसा धरू? तुम्हीच सांगू शकाल. मॅडमना काय कळतंय त्यातलं?"

उस्तादांनी नाक पुसलं. बर्फी चघळत चघळत ते विचार करू लागले. "तळव्यात नको घेऊ. बोटांच्या टोकांवर घे. आणि... रोज पिंपाच्या मध्यावर मारायचीस ना? उद्या फलंदाजाच्या पायाच्या अंगठ्यावर मार. हलका आहे, हट्टी नाही. सांगशील तिथे जाईल, फक्त खाली सांग."

ऊन उतरेपर्यंत फुफीच्या गल्लीत सराव चालला. भिंतीशी उस्तादांची चप्पल अंगठा म्हणून ठेवली होती. तिसऱ्या चेंडूला फुफीचा पाण्याचा माठ फुटला.

"करामत!" फुफी सज्ज्यातून कडाडली. "मुलगी पाकिस्तानला देतोस ती दे, माझा माठ का देतोस?"

"आपा, नवा आणून देतो!"

"आणि ती कुंडीकडे नेम धरून काय उभी आहे? उचल, आधी कुंडी उचल!"

दुसऱ्या दिवशी झुलेखाने पहिला चेंडू टाकला. फलंदाज मुलीने पाय मागे घेईपर्यंत तो बुंध्याशी पोचला आणि मधली यष्टी लोळली.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

दुसरा थेट बुटावर. मुलगी एका पायावर नाचली. तिसरा बाहेर गेला, कारण हात घामाने ओला होता. चौथ्याला पुन्हा यष्टी. बारा संपले तेव्हा जाळीपलीकडे एक दाढीवाला माणूस टोपी हवेत फेकत होता, आणि मॅडम विचारत होत्या, "हा वेडा कोण?"

"माझे उस्ताद आहेत, मॅडम."

निवडीची यादी महिन्याने आली. कारखान्यात बूटाचाचांनी ती मोठ्याने वाचली, आणि नाव आल्यावर रिकाम्या पिंपावर हातोडी मारून अख्खी गल्ली गोळा केली. त्या दिवशी एकही चेंडू शिवला गेला नाही.

झुलेखा नऊ वर्षं पाकिस्तानकडून खेळली. हिरव्या कपड्यात ती पहिल्यांदा मैदानात उतरली तेव्हा मी तंबूत, पिशवीत होतो. ओरडा ऐकून कळलं की पहिला बळी पडला. वर्तमानपत्रांनी तिला 'अंगठेफोड' म्हटलं. परदेशात लोक विचारत, हा पायाशी पडणारा चेंडू कुठे शिकलीस? ती म्हणे, मिठाईच्या दुकानात. त्यांना तो विनोद वाटे. प्रत्येक सामन्याआधी ती सरावाला मला बारा वेळा टाकायची, मग सामन्याचा चेंडू तिच्या हाताला पिसासारखा लागायचा. मी सामन्यात एकदाही खेळलो नाही, पण बारा देशांच्या खेळपट्ट्या पाहिल्या.

मग तिचा गुडघा गेला, खेळणं थांबलं, आणि मी लोखंडी पेटीत तीन वर्षं पडून राहिलो. माझं चामडं तडकलं. तक्रार नाही. घरात तेव्हा उस्तादांची नजर जात होती, आणि झुलेखाला त्यांच्याशेजारी बसायचं होतं.

एका दुपारी तिने मला पेटीतून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला.

"जड आहे," ते म्हणाले. "कुण्या गाढवाने बनवलाय?"

"आहे एक."

"आणि खेळलं कोण याच्याशी?"

"आहे एक गाढवीण."

दोघं इतके हसले की स्वयंपाकघरातून अम्मी लाटणं घेऊन बाहेर आली. त्या हिवाळ्यात उस्ताद गेले. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर झुलेखाने माझ्या चामड्याला तेल लावलं, आणि शहराबाहेर मुलींसाठी एक मैदान भाड्याने घेतलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. तेल द्या, ऊन दाखवा, पेटीत कुजू देऊ नका. पण एक गोष्ट त्याहूनही जपून हाताळा. तुमच्यावर जीव टाकणाऱ्या माणसाची एखाद दिवशी तुमच्याच बाबतीत मोठी चूक होईल. तेव्हा ती चूक त्यांच्याच हातात परत द्या आणि विचारा, आता कसं करू? त्यांच्याइतक्या मनापासून ती दुसरं कुणी दुरुस्त करणार नाही. आणि विचारायला ती माणसं समोर बसलेली आहेत, तोवरच विचारा.

आता मला निघायला हवं. मैदानाच्या टोकाला एक नवी मुलगी हात पुढे करून केव्हाची उभी आहे, आणि झुलेखा ओरडते आहे, "खाली, पुत्तर! अंगठ्यावर!"