चारशे माणसांचा पेपर

राजूरच्या तानाबाईचा फोन आला तेव्हा गफ्फार वणीतल्या आपल्या गॅरेजात ट्रकखाली आडवा पडून गिअरबॉक्स उतरवत होता. हात तेलाने माखलेले, म्हणून त्याने फोन वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. "भाऊ, बाई आमच्या दारात पडल्या. लवकर या," एवढंच ती म्हणाली. मे महिन्याची नऊ तारीख, दुपारचे अडीच. राजूर काही लांब नाही, पण तो पोचेपर्यंत त्याची बायको रशीदा गेली होती. उन्हाने गेली, असं दवाखान्यात लिहून दिलं.

रशीदा नागपूरच्या एका संस्थेसाठी काम करायची. राजूरच्या खालच्या वस्तीत घरोघर जायचं, माणसांना मशीनच्या नळीत फुंकायला लावायचं आणि कोळशाच्या धुळीने कोणाची छाती किती खराब झाली ते लिहून घ्यायचं. काम डॉक्टर इंद्रजित कळमकरांचं होतं. म्हणजे ऊन तिचं आणि नाव त्यांचं. चारशे माणसं झालीच पाहिजेत, असा त्यांचा रोज फोन यायचा.

मयतीला डॉक्टर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरात बायका कुराण वाचत बसल्या होत्या, तेव्हा संस्थेची गाडी येऊन मशीन आणि टॅबलेट घेऊन गेली. सामान परत मिळाल्याची सही घ्यायला ड्रायव्हर विसरला नाही.

दीड वर्षाने, एका रविवारी, डॉक्टर स्वतः आले. सोबत काजूकतलीचा डबा. रशीदाला ते दोनदा रझिया म्हणाले. मग स्वतःबद्दल बोलू लागले आणि तिथे मात्र एकही नाव चुकलं नाही. त्यांचे संशोधनाचे एकशे बेचाळीस पेपर छापून आले होते. राजूरच्या पेपरचा दाखला जगभरातल्या तीनशे अठरा पेपरांनी दिला होता. त्यावर बक्षीस मिळालं, आता संचालकपदाचं चाललं होतं. गफ्फारला एवढंच कळेना, की इतक्या विद्वानांनी दाखला दिला, तर त्यातला एकही राजूरला कसा फिरकला नाही.

शेवटी डॉक्टर मुद्द्यावर आले. कोणीतरी शंका घेतली होती आणि पेपर छापणारे मूळ नोंदी मागत होते. रशीदा टॅबलेटमध्ये भरायच्या आधी रजिस्टरात लिहायची, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

गफ्फारने ट्रंकेतून रजिस्टर काढलं, पण हातात दिलं नाही. त्याची मुलगी अतिया बीएस्सीला होती. तिने मोबाइलवर पेपर उघडला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. माणसं चारशे, काम वीस जूनला पूर्ण. वीस जूनला रशीदाला कबरस्तानात जाऊन सहा हप्ते झाले होते. रजिस्टरात नऊ मेपर्यंत एकशे चौऱ्याण्णव नावं होती, पुढची पानं कोरी. अतियाने वहीत वजाबाकी करून दाखवली. उरलेले दोनशे सहा जण डॉक्टरांनी खुर्चीत बसल्या बसल्या फुंकले होते. रशीदाच्या नोंदीत उकंडा आत्रामपुढे तीन वेळा लिहिलं होतं, 'खोकल्याने फुंकता आलं नाही, उद्या परत.' डॉक्टरांच्या पेपरात कोणाला खोकलाच आला नव्हता.

डॉक्टर जराही ओशाळले नाहीत. मोठ्या कामात थोडं भरून घ्यावं लागतं, सगळेच घेतात, असं त्यांनी समजावलं. मग अतियाच्या वहीकडे पाहत म्हणाले, "तुझं अक्षर आईसारखंच आहे बेटा. रजिस्टरातली कोरी पानं तेवढी भरून दे. पुढच्या पेपरात रझिया मॅडमचं नाव घालू. तुझंही घालू."

अतियाने वही मिटली.

"साहेब," गफ्फार म्हणाला, "मी जुना पार्ट बसवून नवा म्हणून सांगतला, तर ड्रायव्हर मले चौकात जोड्यानं मारते. तुमच्यात त्याचं बक्षीस भेटते काय?"

"तुम्हाला यातलं कळत नाही, गफ्फारभाई."

"नाही कळत. पण तिचं नाव रशीदा होतं, हे तं कळते. डबा घेऊन जा तुमचा."

त्याच संध्याकाळी अतियाने पानापानाचा फोटो काढून पेपर छापणाऱ्यांना पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: तक्रार मिळाली, चौकशी चालू आहे. त्याला चार महिने झाले. तेवढ्या काळात दाखले तीनशे अठराचे तीनशे एक्केचाळीस झाले. चौकशी चालू असलेल्या पेपरचा दाखला द्यायलाही कोणाचा हात अडखळत नाही, कारण देणारा तो वाचतच नसावा.

गफ्फार रजिस्टर घेऊन तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेला आणि राहिलेल्या माणसांसाठी मशीन मागितली. तिथल्या बाबूने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, की त्या वस्तीची तपासणी पूर्ण झालेली आहे, तसा पेपरच आहे, पुन्हा होणार नाही. गफ्फारने कोरी पानं उघडून दाखवली. बाबू म्हणाला, रजिस्टर काही छापलेलं नाही.

खालच्या वस्तीतल्या दोनशे सहा माणसांची छाती अजून कोणी तपासलेली नाही.