मेणाचा मी, समुद्रातला तो

बोटभर लांबीचा मेणाचा क्रूस आहे मी. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोरच्या उएसां बेटावर, तिथल्या चर्चमध्ये मेणबत्त्या जळून उरलेल्या तुकड्यांतून मला घडवलं. जन्मलो तेव्हा अंग अजून कोमट होतं आणि मनात एकच प्रश्न होता, की मी कोण?

आमच्या जातीचं असंच असतं. इथला माणूस समुद्रात बुडाला आणि देह हाती लागला नाही, की त्याच्या जागी आमच्यापैकी एकाला ठेवतात. त्याचं अखेरचं सगळं आमच्यावर होतं. याला प्रोएला म्हणतात. घरी परत येणं, असा त्याचा अर्थ जुनी माणसं सांगतात. म्हणजे मला कोणाचा तरी देह व्हायचं होतं, आणि तो माणूस उंच की बुटका, हसरा की तिरसट, हे कोणी सांगायलाच तयार नव्हतं. आता तुम्हीच सांगा, उत्सुकता वाटणार नाही का?

कातेल मावशीने मला रुमालात गुंडाळून नेलं. गावात बारसं असो की मरण, या मावशीवाचून पान हलत नाही. तिने एका निळ्या दारावर टकटक केलं आणि म्हणाली, "बारबा, पोरी, आज संध्याकाळी तुझ्याकडे प्रोएला आहे गं."

बारबा बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, रुमाल उघडून माझ्याकडे पाहिलं.

"एवढासाच?" ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.

मला माझ्या आकाराची फार लाज वाटली.

टेबलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर बारबाची पांढरी टोपी, आणि टोपीवर मी. शेजारीपाजारी जमले, प्रार्थना झाली, कॉफी फिरली आणि हळूहळू जिभा सुटल्या. मी कान टवकारले. मला कान नाहीत, पण ऐकायची हौस दांडगी.

तो बारबाचा नवरा. नाव रेमों, आडनाव ब्रेतों. त्याच्या कुठल्याशा पूर्वजाने पोटासाठी हा ब्रिटनीचा मुलूख सोडला, आणि परक्या गावातले लोक त्याला 'तो ब्रेतों', म्हणजे ब्रिटनीवाला, म्हणता म्हणता तेच आडनाव चिकटलं. रेमों बोटीवर नोकरीला लागून फिरत फिरत पुन्हा इकडे आला, तर इथले म्हणाले, "ज्याला आडनावात ब्रेतों लिहून फिरावं लागतं, तो कसला ब्रेतों!"

"इथे लोणी खारंच खातात, आणि पहिल्याच जेवणाला बिनमिठाचं मागितलं होतं त्याने," एकजण म्हणाला.

"लोण्याचं काय घेऊन बसलास? माझ्या मेंढीचं ऐक!" कातेल मावशी पुढे सरसावली. थंडीत इथे सगळ्या गावाच्या मेंढ्या मोकळ्या सोडतात, आणि कानाच्या कापावरून ज्याने त्याने आपली ओळखायची असते. "हा बहाद्दर माझीच मेंढी घरी घेऊन गेला. वर मलाच म्हणतो, मावशी, कान बघितला होता मी, पण तिचा चेहरा आमच्या मेंढीसारखा वाटला!"

सगळे हसले. बारबाही रडता रडता हसली. मला तो माणूस आवडायला लागला होता.

हसले नाहीत ते एकटे ओलिएर मालगोर्न, बारबाचे वडील. ते कोपऱ्यात गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते. बेटाच्या रिवाजाप्रमाणे लग्नाची मागणी मुलीनेच घालायची, आणि बारबाने ती एका उपऱ्याला घातली, म्हणून म्हातारा जावयाशी कधी धड बोलला नव्हता. मी एकटक त्यांच्याकडे बघत होतो. न आवडणाऱ्या माणसासाठी कोणी इतका वेळ पाठ न टेकता बसतं का?

सकाळी दारात फादर आले आणि खरी पंचाईत उभी राहिली. क्रूस चर्चपर्यंत नेण्याचा मान धर्मपित्याचा असतो, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याने मृताला हातात धरलं त्याचा. रेमोंचा धर्मपिता कुठे दूर, आहे की गेला तेही ठाऊक नाही.

"चर्चचा शिपाई नेईल," कातेल मावशी हळूच म्हणाली.

"नको," बारबा म्हणाली. "आपलं माणूस न्यायला नसेल तर क्रूस इथेच राहू दे. जिवंतपणी त्याला परका म्हणालात ना सगळे? मग आता तरी कशाला उगाच आमच्या मेलेल्यांत नेऊन ठेवता?"

मी घरात राहिलो असतो, तर रेमों कायमचा पाहुणाच राहिला असता.

तेवढ्यात खुर्ची करकरली. ओलिएर उठले, बारबाच्या टोपीसकट मला उचललं आणि दाराकडे निघाले.

फादर गोंधळले. "मालगोर्न, तुम्ही त्याचे धर्मपिता? पण त्याच्या बाप्तिस्म्याला तुम्ही कुठे होतात?"

"नव्हतो," म्हातारा म्हणाला. "त्याच्या लग्नालाही नव्हतो. आज तरी येऊ द्या, फादर."

"बाबा..." बारबा म्हणाली आणि शाल ओढून त्यांच्या मागे निघाली.

वाटभर वारा झोंबत होता. मी उडून जाईन या भीतीने त्यांनी मला अंगठ्याने घट्ट दाबून धरलं होतं. मेणच ते, मी दबलो. दुखलं नाही, खोटं कशाला बोलू? उलट बरं वाटलं.

काही वर्षं मी चर्चमधल्या पेटीत होतो. आता कबरस्तानातल्या छोट्या दगडी घरात आहे, बेटावरच्या इतर क्रूसांबरोबर. त्यांतला एक मालगोर्न घराण्यातलाच आहे, माझ्या अंगाला टेकून असतो. माझी चौकशी अजून संपलेली नाही. रेमोंचे डोळे कोणत्या रंगाचे होते, हे विचारायचं राहूनच गेलं.

एक विनंती आहे. कधी समुद्रकाठी उभे राहिलात, तर पाण्याकडे तोंड करून त्याला एवढा निरोप सांगा: "रेमों, तू पोचलास. सासऱ्याने स्वतः आणलं तुला."