निळ्या उजेडातली आई

"आ करा, मावशी," अनुजा म्हणाली आणि म्हणताक्षणी तिचे कान तापले.

खुर्चीत तिची आई होती. झुंबरबाई नेसरीहून पहिल्या एसटीनं, न कळवता आल्या होत्या. मिश्री लावणाऱ्या बायकांची दवाखान्यात फुकट तपासणी आहे, हे अनुजाच फोनवर बोलता बोलता सांगून बसली होती. पण इथं कामाला लागताना तिनं ठासून सांगितलं होतं, आमच्या घरात मिश्रीला कुणी हात लावत नाही. म्हणून तर बायकांना मिश्री सोडायला सांगायचं काम तिच्याकडं आलं होतं.

झुंबरबाईंनी एकदा लेकीकडं पाहिलं. मग निमूट आ केला.

डॉक्टर प्रियदर्शनींनी खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड तोंडात धरला. या उजेडात निरोगी हिरडी हिरवट चमकते, बिघडलेली जागा काळी दिसते. अनुजा रोज हे पेशंटना समजावायची. आता पडद्यावर तिच्याच आईचं तोंड भलंमोठं होऊन उभं होतं, आणि खालच्या हिरडीवर काळा पट्टा होता.

"कधीपासून लावता मिश्री?"

"न्हाण आल्यापासनं की."

"आणि आज काय लावलंय? हिरडी पार सोलून निघालीय."

झुंबरबाई ओशाळल्या. "मीठ हो. जाडं मीठ. काळं जाईपतोर घासलं. म्हटलं, आपल्यापायी हितं कुणाला खाली बघाय लागू नये."

डॉक्टर हसल्या. सोललेली जागाही अशीच काळी दिसते, आज नक्की काही सांगता येत नाही, म्हणाल्या. मिश्री बंद करा, पंधरा दिवसांनी या. तेव्हाही काळं राहिलं तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

"घरचं कोण आलंय बरोबर? त्यांना नीट सांगते."

अनुजाच्या हातात चूळ भरायचा ग्लास होता. नुसतं 'मी' म्हणायचं होतं. दिवाळीत आपल्या छोट्या लेकीला, इरावतीला, आजीच्या मांडीवरून तिनं उचलून घेतलं होतं, मिश्रीचा वास येतो म्हणून. आई तेव्हा उठून गेली होती. हात धुऊन आली होती, आणि लांबच बसली होती.

तिनं ग्लास आईपुढं धरला.

"कोण न्हाई," झुंबरबाईच म्हणाल्या. "एकटीच आलोय. ह्या मॅडमनी सांगितलं तरी कळतंय मला."

त्यांनी चूळ भरली, ग्लास लेकीच्या हातात परत दिला आणि बाहेर पडल्या.

पुढच्या बाईला बोलवायला अनुजा दारापर्यंत गेली. जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता. झुंबरबाईंनी आपल्या चपला पायात सरकवल्या, निघाल्या आणि थांबल्या. कडेला लेकीची एक चप्पल उलटी पडली होती. त्यांनी वाकून ती सुलटी केली, दुसरीच्या शेजारी नीट ठेवली, आणि कठडा धरून सावकाश जिना उतरायला लागल्या.